पुरानंतरचे बिऱ्हाड

नदीकाठच्या बहुतेक जुन्या गावांत पुराची एखादी खूण असते. घाटाच्या पायरीवर, देवळाच्या भिंतीवर किंवा पुलाच्या खांबावर पाणी कुठवर चढले होते ते कोरून ठेवलेले असते आणि म्हातारी माणसे ती रेघ नव्या पिढीला दाखवितात. पाणी ओसरल्यावर मात्र कोण कोठे राहावयास गेला, किती वर्षे तेथे राहिला आणि आपल्या जुन्या दारात परत आला की नाही, याची रेघ कोणी ओढून ठेवीत नाही. पूर एका दिवसाचा असतो. त्यानंतर घर शोधण्याची वणवण कधी कधी दोन पिढ्या चालते. त्या वणवणीचा इतिहास हा पुराच्या इतिहासाचा मोठा आणि बहुधा न लिहिलेला भाग होय.

या दृष्टीने दक्षिणेतील दोन पुरांकडे पाहण्यासारखे आहे. एक १९०८ सालचा हैदराबादचा आणि दुसरा १९६१ सालचा पुण्याचा. दोन्ही शहरे नदीच्या दोन्ही काठांवर वसलेली आहेत आणि दोन्ही ठिकाणी काठाला लागून राहणारा वर्ग प्रामुख्याने गरिबांचा होता. या दोन शहरांना जोडणारा एक माणूसही आहे, तो म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असताना त्यांनी १९०३ साली पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर आपल्या कल्पनेचे स्वयंचलित दरवाजे बसविले. हैदराबादच्या पुरानंतर निजामाच्या सरकारने सल्ल्यासाठी त्यांनाच पाचारण केले.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबाद शहराचा मध्यभाग धुऊन नेला. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली, एकोणीस हजारांच्या आसपास घरे पडली आणि ऐंशी हजार लोक बेघर झाले, असे आकडे सामान्यतः दिले जातात. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या सुमारास माणसे वाचली, ही हकीकत तेथे अजून सांगितली जाते. त्या वेळचे निजाम मीर महबूब अली खान यांनी निराश्रितांसाठी राजवाड्यांचे दरवाजे उघडले आणि ठिकठिकाणी अन्नछत्रे सुरू झाली. संस्थानी राजाच्या औदार्याची ही कथा मराठवाड्यातल्या त्यांच्या मराठी प्रजेनेही ऐकली असणार. परंतु अन्नछत्र हे फार तर काही आठवड्यांचे असते. त्यानंतरचा प्रश्न छपराचा.

विश्वेश्वरय्यांनी दिलेले उत्तर स्थापत्यविशारदाला शोभेल असे होते. पाणी शहरात शिरू नये म्हणून वरच्या बाजूस मोठे जलाशय बांधावेत, नदीचा काठ बांधून काढावा आणि शहराची रचना सुधारावी, अशी ती दृष्टी होती. त्यातून मुसीवर उस्मानसागर १९२० साली आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. शहरसुधारणेचे मंडळ १९१२ मध्ये स्थापन झाले. त्याने दाट वस्त्या मोकळ्या केल्या, रस्ते रुंद केले आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी कमी भाड्याची घरेही बांधली. हिंदुस्थानातील नगररचनेच्या इतिहासात या मंडळाचे नाव आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे.

तथापि सालांच्या या ओळीकडे बेघर कुटुंबाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे निराळा अर्थ दिसू लागतो. पूर १९०८ मध्ये आला; मंडळ चार वर्षांनी, पहिला जलाशय बारा वर्षांनी आणि दुसरा एकोणीस वर्षांनी. शहराला इतका धीर धरता येतो, कारण शहराचे आयुष्य शतकांनी मोजले जाते. पण ज्या विणकराचा माग चिखलात गेला किंवा ज्या मजुराची झोपडी वाहून गेली, त्याला चार पावसाळे उघड्यावर काढता येत नाहीत. तो मिळेल तेथे खोपट घालतो, आणि मिळेल ती जागा बहुधा पुन्हा नदीच्याच पोटाशी असते. सार्वजनिक सुधारणेचे घड्याळ आणि उघड्यावर पडलेल्या संसाराचे घड्याळ ही दोन निरनिराळ्या गतीने चालतात. पुनर्वसनाचे कार्य म्हणजे मुख्यतः या दोन घड्याळांचा मेळ घालणे.

हैदराबादनंतर त्रेपन्न वर्षांनी ही वेळ पुण्यावर आली. मुठेच्या आंबी या उपनदीवर पानशेत येथे मातीचे धरण बांधले जात होते. भराव उभा राहिला होता, परंतु पाणी सोडण्याची व्यवस्था पुरती सिद्ध झाली नव्हती. अशा अवस्थेत १९६१ च्या पावसाळ्यात जलाशय भरत गेला. ११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी खचणाऱ्या भरावावर वाळूची पोती रचून तो सावरून धरला. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले, आणि त्याच्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासल्याचे १८७९ सालचे दगडी धरणही त्याच दिवशी टिकले नाही. लकडी पूल पाण्याखाली गेला. नारायण, शनिवार, कसबा, मंगळवार, सोमवार या पेठांच्या नदीकडील आळ्या, तसेच पलीकडचे डेक्कन जिमखाना व शिवाजीनगर हे भाग बुडाले. रात्रभर रचलेल्या त्या पोत्यांचे एक ऋण मात्र पुण्यावर राहिले. पाणी रात्री न येता दिवसाउजेडी आले, आणि हजारो माणसे पर्वतीसारख्या उंच जागी पळून जाऊ शकली. खडकवासला फुटल्यामुळे सारे शहर पुरानंतर पाण्यावाचून तडफडले, आणि वाड्यांतल्या विहिरी व कात्रजच्या पेशवेकालीन नळाचे हौद पुन्हा कामास आले, हा दैवाचा एक उपरोधच म्हणावा लागेल.

पुण्याच्या पेठांतील घर कसे होते, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यानंतरचा प्रश्न कळत नाही. सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मातीत रचलेल्या विटांच्या भिंती आणि वर कौले, असा तो वाडा. मालकाचे कुटुंब माडीवर किंवा पुढच्या सोप्यात राही. बाकीच्या खोल्या एकेका, दोनदोन करून भाड्याने दिलेल्या असत. एका वाड्यात आठ-दहा बिऱ्हाडे असणे यात नवल नव्हते. शाळामास्तर, कारकून, छापखान्यातील जुळारी, शिंपी, दुकानातला नोकर, चार घरी स्वयंपाक करून मुले वाढविणारी विधवा, ही त्या बिऱ्हाडांतील माणसे. याहून खाली, अगदी काठाला, परीट, बुरूड, कुंभार आणि मोलमजुरी करणाऱ्यांची वस्ती. मातीच्या भिंतीचा स्वभाव असा की ती पाण्यात कित्येकदा उभी राहते आणि पाणी ओसरून ऊन पडले म्हणजे कोसळते. म्हणून पुराच्या दिवशी वाचलेले घर पुढच्या आठवड्यात राहण्यास धोक्याचे ठरे, आणि सामान काढण्यापुरताच काय तो आत प्रवेश.

आता या वाड्याचे नुकसान कोणाचे, असा प्रश्न पंचनाम्याच्या वेळी उभा राहतो. पंचनामा हा मिळकतीचा असतो. त्यात घरमालकाचे नाव येते, कारण सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर ते असते. भाडेकरूच्या नावावर तेथे काहीच नसते. त्याचे नुकसान म्हणजे दोन ट्रंका, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, वर्षाची सामग्री आणि मुलांची पुस्तके. त्याचे खरे धन मात्र याहून निराळे होते. कमी भाड्याची खोली कामाच्या जागेजवळ होती आणि शेजारपाजार उसनवारीला व आजारपणाला धावून येणारा होता. हे धन कोणत्याही वहीत नोंदलेले नसते. ते वाहून गेल्याचा पंचनामा होत नाही.

पुरावा म्हणून फार तर भाड्याची पावती दाखविता आली असती. पण पावती देण्याची पद्धत सर्वत्र नव्हती, आणि ज्याच्यापाशी ती होती त्याचीही बहुधा ट्रंकेबरोबर गेली. पुरानंतर माणूस दोनदा बेघर होतो: एकदा भिंत पडते तेव्हा, आणि दुसऱ्यांदा आपण तेथे राहत होतो हे सिद्ध करता येत नाही तेव्हा. मदतकार्यातील अनुभवी माणसे म्हणूनच शेजाऱ्याच्या साक्षीला, शाळेच्या दाखल्याला आणि मतदारयादीतील नावाला पावतीइतकेच मोल देतात. कागद गमावलेल्या माणसाकडे कागद मागणे हे नियमाला धरून असेल. पण मग ज्याच्यासाठी मदत आहे तोच तिच्यापासून वंचित राहतो.

कायद्याचीही येथे विलक्षण स्थिती होती. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०८ वे कलम असे सांगते की अग्नी, वादळ किंवा पूर यांमुळे भाड्याने घेतलेली मिळकत निरुपयोगी झाली, तर भाडेपट्टा रद्द समजण्याची मुभा भाडेकरूस आहे. म्हणजे पडलेल्या घराचे भाडे त्याने देत राहू नये, एवढी सोय शास्त्याने करून ठेवली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने त्याला मनमानी भाडेवाढीपासून व घराबाहेर काढले जाण्यापासून संरक्षण दिले. पण संरक्षण देण्यासाठी घर उभे असावे लागते. वाडाच भुईसपाट झाल्यावर मालकाने नवी इमारत बांधली, तर जुन्या भाडेकरूचा तिच्यावर हक्क पोचतो काय? हा वाद देशातील न्यायालयांत दीर्घकाळ चालला. सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात इमारत नष्ट झाली की भाडेकरूचा हक्कही संपतो असे म्हटले गेले. २०१४ मध्ये त्याच न्यायालयाच्या अधिक मोठ्या पीठाने हे मत बदलले आणि इमारतीखालची जमीनही भाडेपट्ट्यात येत असल्याने केवळ इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे ठरविले. पानशेतच्या पुरानंतर त्रेपन्न वर्षांनी मिळालेला हा दिलासा होता. १९६१ चे भाडेकरू तोपर्यंत काळाच्या हवाली झाले होते.

मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी पुण्याच्या पुनर्वसनाचे काम सदाशिव गोविंद बर्वे या सनदी अधिकाऱ्याकडे सोपविले. १९५० साली पुण्याला महानगरपालिका मिळाली, तेव्हाचे पहिले आयुक्त बर्वे हेच होते. पेठांच्या गल्ल्या त्यांना नकाशावरून नव्हे तर पायाखालून ठाऊक होत्या. अशा कामात ही गोष्ट मोलाची ठरते. नवख्या माणसाला पूरग्रस्तांचा एक जमाव दिसतो. शहर जाणणाऱ्याला त्यात घरमालक, भाडेकरू, पोटभाडेकरू, कारागीर आणि निराधार असे वेगवेगळ्या गरजांचे लोक दिसतात. पुणेकरांनी त्यांचे काम ध्यानात ठेवले. १९६२ च्या निवडणुकीत शिवाजीनगर मतदारसंघातून ते विधानसभेवर निवडून गेले.

पहिला आसरा शाळा, धर्मशाळा आणि मंगल कार्यालये यांचा असतो. पण शाळेला मुले हवी असतात आणि कार्यालयाला लग्नसराई गाठायची असते. त्यामुळे हा आसरा स्वतःच भाडेकरूसारखा मुदतीचा. दुसरी पायरी निसेन हटांची. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, ब्रिटिश लष्करातील पीटर निसेन या अधिकाऱ्याने सैनिकांसाठी ही पन्हळी पत्र्याची अर्धगोल छपरे योजिली. थोड्या माणसांना ती झटपट उभारता येतात, हा त्यांचा गुण. उन्हाळ्यात तापतात आणि पावसाळ्यात पत्र्याच्या ताशापुढे आत बोललेले ऐकू येत नाही, हा त्यांचा दोष. युद्धातल्या सैनिकाला ती काही महिने पुरतात. पुण्यातल्या पूरग्रस्तांची मुले मात्र त्या पत्र्याखाली लहानाची मोठी झाली. तात्पुरते म्हणून बांधलेले घर किती वर्षे टिकते, याचे उत्तर पत्र्याच्या जाडीवर नसून पक्क्या घराची किंमत कोण देणार यावर अवलंबून असते.

ती किंमत हाच कळीचा मुद्दा होता. त्या काळी देशात घरबांधणीच्या योजना नव्हत्या असे नाही. औद्योगिक कामगारांसाठी १९५२ मध्ये आणि अल्प उत्पन्न गटासाठी १९५४ मध्ये केंद्र सरकारने योजना आखल्या होत्या. दुसऱ्या योजनेनुसार वार्षिक सहा हजार रुपयांपर्यंत प्राप्ती असणाऱ्यास घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत कर्ज मिळे. उरलेले वीस टक्के घेणाऱ्याने घालावयाचे. स्थिर संसाराला ही अट वाजवी आहे. पण ज्याचा संसार परवा वाहून गेला त्याने हा पाचवा हिस्सा कोठून आणावा? बायकोच्या अंगावरचे दोन डाग मोडून, किंवा सावकाराकडून. म्हणून पुरानंतरच्या कर्जयोजनांत जो वर्ग सर्वांत आधी तरतो तो मध्यम स्थितीचा. आणि ज्याला सर्वांत आधी तारावयाचे तो दाराशी ताटकळत राहतो.

तरीही पुण्यात जे घडले ते थोडे नव्हते. पेठांबाहेरच्या माळावर आणि टेकड्यांच्या उतारावर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. गोखलेनगर, जनवाडी, लोकमान्यनगर, सहकारनगर, महर्षिनगर या नावांशी पूरग्रस्तांचा इतिहास निगडित आहे. अनेक कुटुंबांनी एकत्र येऊन सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापिल्या, सरकारकडून भाडेपट्ट्याने भूखंड घेतले आणि हप्त्याहप्त्याने घरे बांधली. आज मध्यवस्ती वाटणाऱ्या या जागा तेव्हा गावाबाहेरच्या होत्या. पेठेतला जुळारी पायी छापखान्यात जात असे. त्याला आता बसचे भाडे खर्चावे लागले. पोळ्या करणाऱ्या बाईची चार घरे नव्या वस्तीपासून तीन मैलांवर राहिली. कुंभाराला खोली मिळेल, पण आवा पेटविण्यास मोकळी जागा व चिकणमाती कोठली? गरिबाचे घर आणि त्याचा व्यवसाय ही एकाच मुळाची दोन पाने असतात. एक उपटून दुसरीकडे लावले तर दुसरे सुकते. ज्या वसाहतींना शाळा, दवाखाना, नळ आणि बस लवकर मिळाली, तेथे माणसे रुजली. जेथे या सोयी रेंगाळल्या तेथील कित्येकांना मिळालेले घर सोडून पुन्हा गावातल्या एखाद्या अंधाऱ्या खोलीत भाड्याने राहणे अधिक परवडणारे वाटले, तर त्यात त्यांचा कृतघ्नपणा शोधणे न्याय्य नव्हे.

मिळालेल्या जागेच्या हक्काची कथा याहून लांब आहे. भूखंड भाडेपट्ट्याचे होते. परवानगीवाचून ते विकता येत नसत, वारसाच्या नावावर चढविणे आणि कुटुंब वाढले म्हणून घर वाढविणे यालाही अडथळे येत. अशा शंभराहून अधिक सहकारी संस्थांना मालकी हक्क देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला, तोपर्यंत पुराला जवळजवळ सहा दशके लोटली होती. पूर पाहिलेला मुलगा तोवर आजोबा झाला होता. छप्पर मिळणे आणि घर मिळणे यांतील अंतर ते हेच.

या कहाणीत आणखी एक बाजू विसरू नये. पुण्याच्या पेठा धरण फुटल्याने बेघर झाल्या. पण धरण बांधण्यासाठी वरच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी आपली घरे आणि भातखाचरे आधीच सोडली होती. एकाच पाण्याने बेघर झालेले हे दोन समाज. प्रकल्पामुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला. तो होण्यास या आणि अशा अनेक खोऱ्यांतील लोकांचा दीर्घ आग्रह कारणीभूत होता. पूरग्रस्ताची दया येते, कारण त्याचे दुःख एका दिवसात दिसते. विस्थापिताचे दुःख सावकाश चढणाऱ्या पाण्यासारखे असल्याने ते डोळ्यांत भरत नाही.

पानशेतचा पूर हा शेवटचा नव्हता आणि तसा तो असणारही नव्हता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या लोंढ्याने पुण्याच्या सहकारनगर-अरण्येश्वर भागात माणसांचे बळी घेतले. नदीपासून दूर म्हणून निवडलेल्या परिसरातील ओढा गेल्या अर्धशतकात भिंतींनी आवळला गेला होता. नदीच्या निळ्या आणि लाल पूररेषा आज नकाशावर आखलेल्या असतात. परंतु शहरात स्वस्त जागा जेथे मिळते, तेथेच अल्प उत्पन्नाचा माणूस राहावयास जातो, आणि स्वस्त जागा बहुधा या रेषांच्या आत असते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर व सांगलीच्या महापुरानंतर शासनाने घरे पडलेल्या कुटुंबांना नवे घर होईपर्यंत भाड्याने राहण्यासाठी रक्कम देण्याचे ठरविले. ही तरतूद वरकरणी लहान दिसते. परंतु भिंत पडणे आणि भिंत उभी राहणे यांच्या मधल्या काळातही माणसाला कोठे तरी राहावे लागते, ही गोष्ट तिने सरकारी कागदावर मान्य केली. हैदराबादच्या अन्नछत्रापासून या तरतुदीपर्यंत एक शतकाहून अधिक काळ गेला.

या दोन शहरांच्या अनुभवातून पुढच्या पुरासाठी काही गोष्टी हाती लागतात. पंचनामा मिळकतीचा व्हावा तसा बिऱ्हाडाचाही व्हावा. घरमालकाच्या नावाखाली भाडेकरूंची नावे त्याच दिवशी, त्याच कागदावर लिहिली जावीत. तात्पुरत्या निवाऱ्याची मुदत ठरविताना तो सोडून कुटुंबाने कोठे जायचे, हेही त्याच आदेशात लिहिलेले असावे. नवी जागा देताना ती कामाच्या ठिकाणापासून किती दूर आहे हे जमिनीच्या किमतीइतकेच महत्त्वाचे मानावे. आणि दिलेल्या जागेचा हक्क देणाऱ्याच्या हयातीत, निदान घेणाऱ्याच्या हयातीत तरी, पुरा व्हावा. यांतील एकाही गोष्टीला मोठे धरण बांधण्याइतका पैसा लागत नाही. पूर येण्याआधी गावातल्या वाड्यांत, चाळींत आणि झोपड्यांत कोण राहतो याची खरी यादी तयार असावी लागते, आणि ती पुरापेक्षा उंच जागी ठेवलेली असावी लागते.